झाडलेलं रान

आमच्या गावच्या वहिनीला राग चढतो तो पायांकडून. आधी पावलं जड पडायला लागतात, मग हात कमरेवर जातात, मग मान वाकडी होते, आणि तोंड उघडतं ते सगळ्यात शेवटी. तोंड उघडायच्या आत जो पळाला तो वाचला. तिला सख्खा दीर एकच. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून शेजारचे म्हणायला लागले, मग आळी म्हणायला लागली, आणि बघता बघता सगळं गावच तिचं सासर झालं. सासरच्यांनी सुनेला छळायचं असतं, एवढी एक रीत मात्र गावाने मनापासून पाळली.

कसं छळलं, हे सांगायचं तर आधी टेकडीची उतरण दाखवायला हवी.

गावाच्या डोक्यावर ती पसरलेली आहे, बसलेल्या बैलाच्या पाठीसारखी. एके काळी त्या पाठीवर असं दाट रान होतं की आत शिरलेल्या माणसाला दुपार कुठे संपली ते कळत नसे. मग कुऱ्हाडी आल्या, कुऱ्हाडींमागून खुरं आली, आणि बैलाची फासळी न् फासळी दिसायला लागली. अगदी माथ्यावर तेलबीची थोडी जुनी झाडं तेवढी उरली. त्यांच्यावर कोणी दया केली असं नाही. त्यांचं लाकूड पोकळ, कुऱ्हाडीला त्यात गोडी नव्हती, इतकंच.

वहिनीचा नवरा घाणेवाला. त्या झाडांचं बी पडलं की गावातल्या बाया ते वेचायच्या, सुकवून फोडायच्या आणि घाण्यावर आणून घालायच्या. तेल साबणाला जायचं, दोरखंडांना जायचं, दुखऱ्या गुडघ्यांना जायचं. पेंड शेतात जायची. त्या तेलावर गावातल्या निम्म्या चुली पेटत होत्या. पण झाडं म्हातारी झाली होती आणि त्यांच्या पायाशी एकही लेकरू नव्हतं. जे उगवायचं ते दोन पानांवर येतायेता शेळीच्या पोटात जायचं.

घाणेवाला माणूस देवगुणी, पण त्याच्या तोंडात शब्द एकच, ‘बघू’. घर पेटलं तरी हे आधी ‘बघू’ म्हणतील आणि मग खरोखरच बघत उभे राहतील, असं वहिनी म्हणते. तेव्हा झाडांची काळजी करायचं काम आपोआपच तिच्याकडे आलं. काळजी तिच्याकडे आली की ती काळजी राहत नाही, तिची मोहीम होते. गावाच्या बैठकीत जाऊन ती इतकी बोलली, इतकी बोलली, की शेवटी लोकांनी तिला गप्प करण्यासाठी कुऱ्हाडबंदी केली. ती तरीही बोलत राहिली, म्हणून वरच्या उतरणीवर चराईबंदीही केली. लाकूड तोडायचं नाही, जनावर सोडायचं नाही. पडलेलं बी, सुकलेल्या फांद्या, मध, केरसुणीचं गवत, हे ज्याने त्याने न्यावं.

दर बैठकीत तिचं पालुपद ठरलेलं होतं.

“रान म्हणजे आपलं घर आहे. घरासारखं सांभाळा.”

हे वाक्य गावाने इतक्यांदा ऐकलं होतं की ती “रान म्हणजे” एवढं म्हणाली की मागून कोणी तरी जांभई देत “आपलं घर” असं पुरं करायचं.

रान परत आलं. इतर झाडांची रोपं तिने पिशव्यांत वाढवली, लोकांनी लावली, ती जगली. सावली पडली, पाचोळा पडला, माती ओली राहायला लागली. पण तेलबीचं बी काही पिशवीत उगवेना. पाणी कमी घातलं तर ते वाळायचं, जास्त घातलं तर कुजायचं, बरोबर घातलं तर नुसतंच पडून राहायचं.

“राजाचं लेकरू लागून गेलं आहे का हे?” ती पिशव्यांवर ओरडायची. “इथे मांडी दिली, पाळणा दिला, आणखी काय हवं?”

त्याला हवा होता पाचोळा. हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने शोधलंही नाही, ती फक्त वैतागून पिशव्या फेकायला माथ्यावर गेली होती. जुन्या झाडांखाली पाचोळ्याचा गुडघाभर थर साचलेला. तो पायाने उकरला तर खाली बी फुगलेलं, तडकलेलं, अजून झोपेत असल्यासारखं. त्याला वरून जाड पांघरूण हवं आणि भरपूर उशीर हवा. पांघरूण होतं. उशीर मात्र गावाकडून मागून घ्यायचा होता.

आणि उशिराला विरोध होता तो घरातूनच. तिचा दीर, म्हणजे भाऊजी, शेळ्या पाळतो. उतरण बंद झाल्यापासून त्याला कळप घेऊन पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत चालावं लागत होतं. माणूस वाईट नाही, पण त्याचे पाय दुखत होते, आणि दुखऱ्या पायांच्या माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये.

“वहिनी,” तो बैठकीत म्हणाला, “रोपं येणार, रोपं येणार, हे मी तुमच्या तोंडून किती वर्षं ऐकतोय. माझ्या शेळ्यांना तुमचा शब्द चघळता येत नाही.”

“तुमच्या शेळ्यांनी शब्द सोडून बाकी सगळं चघळून झालंय, भाऊजी.”

लोक हसले, पण बऱ्याच जणांना भाऊजीचं पटलंही. तेव्हा बैठकीचे अध्यक्ष शिंपीकाका यांनी, ज्यांना दोन्ही बाजू जोडून मधून शिवण घालायची सवयच, एक तोडगा काढला. या हंगामाच्या अखेरीस सगळ्यांनी माथ्यावर जमायचं. तेलबीचं रोप आपलं आपण उगवलेलं तिथे दिसलं, तर ते शेळीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत चराईबंदी कायम. नाही दिसलं, तर उतरण मोकळी. भाऊजीने मान हलवली. वहिनीनेही हलवली, कारण आणखी काय करणार?

आणि त्या हंगामात रोपं आली.

एक-दोन नव्हेत. पाचोळा बोटाने बाजूला केला की लालसर देठ, वर दोन गोल पानं, आणि खाली मुळाशी फुटक्या बियाचं टरफल तसंच चिकटलेलं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या डोक्यावर कवच राहावं तसं. वहिनी तिथेच खाली बसली. तिने पाचोळा हळूच परत सारला आणि घरी आली.

“आली,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कोण?”

“रोपं! आणि कोणाला सांगू नका. सांगितलं तर सगळं गाव बघायला जाईल आणि तुडवून येईल. त्या दिवशी वर नेऊन मीच दाखवेन. नाही सांगणार ना?”

“बघू,” घाणेवाला म्हणाला.

हंगाम संपत आला. तेवढ्यात तिची लेक बाळंतपणाला टेकली, आणि जावयाच्या घरी हाताशी कोणी नव्हतं. जायलाच हवं होतं. निघता निघता तिने जावेला, म्हणजे भाऊजीच्या बायकोला, फाटकापाशी गाठलं. जाऊ स्वभावाने गूळ आणि कामाला वादळ.

“पलीकडच्या गावची मंडळी येणार आहेत आपलं रान बघायला, माथ्यावरच्या त्या बैठकीला,” वहिनी म्हणाली. “मी नसले तरी रानाकडे लक्ष असू दे. घरासारखं, कळलं?”

“निश्चिंत जा तुम्ही,” जाऊ म्हणाली. “आल्यावर ओळखणार नाही तुम्ही रान.”

हे वाक्य तिने तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं, असं वहिनी अजूनही म्हणते. पण कोण ऐकतं? पिशवी खांद्यावर, डोकं लेकीपाशी.

लेकीला मुलगी झाली. वहिनी तिच्या उशाशी बसून राहिली, कोणी दार वाजवलं तरी डोळे वटारायची, कोणी पांघरूण उचलून बघायला लागलं तर हात मारायची. बैठकीच्या आदल्या दुपारी ती गावात परत आली. घरी पिशवी टाकली आणि पाणीही न पिता वर निघाली.

रानाच्या तोंडाशीच तिचे पाय जड झाले.

पायवाटेच्या दोन्ही कडांना गोटे ओळीने मांडलेले होते आणि गोट्यांना चुना लावलेला होता. झाडांच्या बुंध्यांनाही कमरेपर्यंत चुना. आणि जमीन? जमीन लखलखत होती. एक पान नाही, काडी नाही. केरसुणीच्या फटकाऱ्यांचे अर्धगोल मातीवर एकात एक उमटलेले, थेट माथ्यापर्यंत. गावातल्या निम्म्या बाया कमरेत वाकून शेवटचा कोपरा झाडत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे, घामाने निथळत, जाऊ उभी होती.

“आलात? बघा!” जाऊ ओरडली. “बघा आता! घरासारखं की नाही?”

वहिनीचे हात कमरेवर गेले.

“काय केलंत हे?”

“झाडलं!”

“कोणी सांगितलं?”

“तुम्हीच! रान म्हणजे आपलं घर, घरासारखं सांभाळा. पाहुणे यायचे म्हणजे आपण घर झाडतो की नाही? पाहुण्यांना काय कचऱ्यात बसवायचं?” जाऊचा चेहरा असा उजळला होता की त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. “आणि गवतही उपटलं. ते वर जुन्या झाडांखाली केवढं तण माजलं होतं, लालसर देठाचं. पाचोळा काढला तेव्हा दिसलं. आमच्या यांनीच उपटलं सगळं. पाटी भरली.”

वहिनीची मान वाकडी झाली. तोंड उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“झाडं राखा म्हटलं होतं गं मी!” ती म्हणाली. “झाडा नव्हतं म्हटलं!”

बाया केरसुण्या धरून जिथल्या तिथे थांबल्या. वहिनी माथ्यावर गेली, जुन्या झाडांखाली गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती चाचपत राहिली. माती उघडी पडून कडक झाली होती. काही नव्हतं. ज्या जागेवर फुंकरही मारायला ती धजावली नव्हती, ती जागा अंगणासारखी सपाट झाली होती. तिने तण कोणतं ते कोणालाही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? जावेने केरसुणी खाली ठेवली, तिच्याजवळ आली आणि काहीच न कळून विचारलं, “चुना जास्त झाला का?”

संध्याकाळी घाण्याच्या खोलीत तिने नवऱ्याला धरलं. घाणा थांबलेला होता, पण खोलीला तेलाचा वास आणि अंधार दोन्ही चिकटून होते.

“तुम्ही इथे होतात ना?”

“होतो.”

“तुम्हाला मी सांगितलं होतं ना, तिथे काय आहे ते?”

“सांगितलं होतं.”

“मग त्या झाडायला निघाल्या तेव्हा तुम्ही काय केलंत?”

घाणेवाला ओशाळून पेंडीचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिला. “त्या मला विचारायला आल्या होत्या. रान झाडू का म्हणून.”

“आणि?”

“मी बघू म्हणालो.”

वहिनीने डोळे मिटले.

“त्यांना ते हो वाटलं,” तो म्हणाला. “मला वाटलं त्यांना ‘नाही’ कळेल. तू कोणाला सांगू नको म्हणाली होतीस, मग मी आणखी काय म्हणणार?”

गुपित तिचं होतं. वाक्यही तिचंच होतं.

सकाळी सगळे माथ्यावर जमले. पलीकडच्या गावची मंडळी चढून आली. चुन्याच्या गोट्यांकडे बघत आली, एकमेकांना कोपराने ढोसत आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीने चहूकडे मान फिरवली आणि अगदी साधेपणाने विचारलं,

“तुमच्या रानात पानं पडत नाहीत का गं?”

जाऊ जमिनीकडे बघायला लागली.

शिंपीकाकांनी खाकरून ठरलेली गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि वहिनीकडे वळले. “मग? रोप आहे का?”

“होती,” वहिनी म्हणाली.

“होती म्हणजे?”

“म्हणजे होती. आता नाहीत. तुम्ही झाडून काढलीत.”

कुजबुज झाली. कोणी तरी मागून म्हणालं, “हे बरं आहे, नसलं की झाडलं म्हणायचं.” शिंपीकाकांनी हात वर केला, पण त्यांचाही चेहरा ताणलेल्या दोऱ्यासारखा झाला होता. “वहिनी, तुमच्या शब्दावर अविश्वास नाही. पण ठरलं होतं ते दिसण्याचं. दिसत तर काही नाही. मग उतरण मोकळी, असंच म्हणावं लागेल.”

“कशी होती ती?” हे भाऊजी म्हणाला. कळपातला एक बोकड सकाळपासून लंगडत होता म्हणून तो उशिरा आला होता आणि मागे उभा होता.

“आता विचारून काय करता, भाऊजी? तुमचं काम झालं.”

“तरी. कशी होती?”

“लाल देठ,” वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली. “दोन गोल पानं. आणि मुळाशी बियाचं टरफल.”

भाऊजीने डोकं खाजवलं. मग मानेचा मागचा भाग खाजवला. गप्प राहायला त्याला कसलीच अडचण नव्हती. सगळं त्याच्याच बाजूने चाललं होतं. उतरण मोकळी होत होती, दुखरे पाय घरी बसणार होते. त्याने बायकोकडे पाहिलं. जाऊ त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग हळूहळू उडत होता, कारण पाटी तिलाही आठवली होती.

“आयला,” भाऊजी म्हणाला. “आली होती ती.”

“काय?” शिंपीकाका म्हणाले.

“आली होती म्हणतोय! मीच उपटली ना. ही म्हणाली तण आहे, मी म्हटलं असेल. पाटीभर होती. शेळ्यांपुढे टाकली. पानं खाल्ली त्यांनी, टरफलं थुंकली. मला वाटलं तणाला कसलं आलंय टरफल, पण म्हटलं जाऊ दे.” त्याचा आवाज चढत चालला, जणू कोणी तरी त्यालाच फसवलं होतं. “जा, गोठ्यात बघून या कोणी! गव्हाणीत पडलीत अजून!”

जाऊच धावत गेली. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत चघळलेले लाल देठ होते, आणि भरपूर टरफलं. एका देठाला गोल पानाचा अर्धा तुकडा अजून लटकत होता. पलीकडच्या गावच्या म्हातारीने एक टरफल उचललं, वर जुन्या झाडाकडे पाहिलं, पायाशी पडलेलं बी उचलून त्याच्याशी लावून बघितलं, आणि मान डोलावली. मग ओंजळ हातोहात फिरली. ज्याने त्याने बघितलं आणि पुढे दिली. कोणी विनोद केला नाही.

“आपलं आपण उगवलेलं दिसलं पाहिजे, असं ठरलं होतं,” शिंपीकाका हळूच म्हणाले. “उगवलं आणि उपटलं तर काय, हे काही ठरलं नव्हतं.”

“मला दिसलं,” भाऊजी खेकसला. “या हातांना दिसलं. आणखी कोणाला दिसायला हवं? माझ्याच शेळ्यांचं तोंड माझ्याच हातांनी बांधायचं होतं नशिबात, बांधलं. उतरण बंदच ठेवा. पण वहिनी, एक सांगा. एवढं होतं तर आधी का नाही बोललात? एरवी तर तुमचं तोंड मिटत नाही!”

सगळं गाव त्या वाक्याला हसलं. वहिनीला हसू आलं नाही, पण तिचे हात कमरेवरून खाली आले.

“ते माझं चुकलं, भाऊजी,” ती म्हणाली. मग गावाकडे वळली. “आणि आणखी एक चुकलं. रान आपलं घर नाही. उगीच सांगत बसले मी इतकी वर्षं. रान दुसऱ्याचं घर आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून आपण त्यांचं अंथरूण-पांघरूण बाहेर फेकतो का? त्यांच्या भिंतींना चुना लावतो का?”

“मग पाचोळा परत आणायचा का?” जावेने विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण हात आधीच पाटी शोधत होते.

पाचोळा ओघळीत ढीग करून टाकलेला होता, थोडा भाऊजीच्या गोठ्यात शेळ्यांखाली अंथरलेला होता. पाट्या आल्या, पोती आली, चादरी आल्या. जो पाचोळा सगळ्या गावाने कंबर मोडून खाली नेला होता, तोच सगळं गाव कंबर मोडून वर आणायला लागलं. एकमेकांना दोष देत, “हळू पसर, ढीग नको,” असं ओरडत. पाहुणे थोडा वेळ बघत राहिले, मग न राहवून तेही वाकले. शिकायला आले होते, तर हे शिकले. गोठ्यातला पाचोळा शेणालेंडीसकट आला, आणि वहिनीने तो बरोबर जुन्या झाडांखाली घालायला लावला. घाणेवाल्याला तिने विचारलं, “तुम्ही पोतं उचलणार का?” त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पोतं उचललं.

चुना मात्र निघाला नाही. तो पावसाचीच वाट बघतोय.

आता उतरण बंद आहे, आणि माथ्यावर अजून काही दिसत नाही. पाचोळ्याखाली बी आहे, एवढं वहिनी उकरून बघून आली. एकदाच बघितलं आणि झाकलं. तिचं नवं वाक्य गावाने ताबडतोब उचललं. तिथेच तर तिचं डोकं फिरतं. या गावाला शब्द द्यायचा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. परवा ती माथ्यावर वाकून काही बघत होती, तर खालून, चुन्याच्या पहिल्या गोट्यापाशी कोणी तरी मोठ्याने खोकलं. भाऊजी होता. कळप मागे ओढ्याकडे वळवून, काठीवर हनुवटी टेकून, परक्याच्या दारात उभं राहावं तसा अदबीने उभा होता.

“कोणी आहे का घरात?” त्याने हाक मारली. “शेळीवाला आलोय! आत येऊ का?”

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

“निजलीत सगळी!” ती वरून ओरडली. “उठली की कळवते! आणि जरा हळू बोला, भाऊजी!”